तळहातावरचं तीर्थ

बाळांनो, आजोबांच्या डोक्याला नक्की काय झालं होतं, असं तुम्ही परवा विचारलंत आणि मी विषय बदलला. आजाराचं नाव विसरले नव्हते. माझ्या मत्सराची लाज वाटत होती. पुढच्या महिन्यात तुम्ही बदलापूरला याल. आजोबांना भेटण्याआधी हे तुम्हाला ठाऊक असावं.

यकृत निकामी झालं की रक्तातली घाण मेंदूपर्यंत पोहोचते. अमोनिया वाढतो, डोपामाइन हे मेंदूतलं रसायन आणि त्याच्या विघटनातून उरणारे पदार्थ यांचा तोल बिघडतो, माणूस भलतंच बोलतो, पुढे धरलेले हात फडफडतात. डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं मी वहीत उतरवलं होतं. पण उल्हासनगरच्या त्या वॉर्डात आजोबांनी मला विचारलं, "बाई, तुम्ही कुणाकडच्या?" त्याचं उत्तर वहीत नव्हतं.

पोट साफ करणारं गोड औषध गेलं नाही तर ते पूर्ण बेशुद्ध होतील, असा इशारा होता. मी चमचा नेला की ते दात आवळत. शेजारच्या खाटेवरच्या आपल्या सासूजवळ बसलेल्या सिंधी बाईकडे पाहून मात्र हसत. मी मनात महादेवाशी भांडले. अंबरनाथच्या देवळात इतके सोमवार मी यांच्यासोबत आले, आणि हसू हिला?

तिसऱ्या दिवशी तीच म्हणाली, "भाभी, दादा हाथ आगे करते हैं, आप मुँह खोलने को बोलते हो."

"वो बीमारी का लक्षण है," मी शिक्षिकेच्या आवाजात सांगितलं.

"होगा. पर हथेली तो देखो."

तळहात खोलगट केलेला होता. "दादा, तीर्थ," म्हणत तिने चमचा ओतला. निम्मं चादरीवर सांडलं. उरलेलं ते प्यायले आणि चिकट हात त्यांनी भक्तिभावाने डोक्यावरून फिरवला.

मला आनंद व्हायला हवा होता. आधी जळफळाटच झाला. इतकी वर्षं शेजारी उभी राहून जे मला दिसलं नाही, ते परकीला दिसलं. मग मी चमचा तिच्याच हाती ठेवला आणि पूजेत लावतात तसा त्यांच्या हाताला खालून हात लावला. थेंब सांडला नाही. ते मला म्हणाले, "आमची ही पण असाच हात लावते." तेव्हा मला माझाच हेवा वाटला.

त्यांची शुद्ध हळूहळू परतली. त्या बाईचं नाव विचारायचं राहिलं. देवाची मदत माझ्याच हातून यावी, हा हट्ट मी सोडला.

आजोबा तुमची नावं कदाचित चुकतील. तीर्थासाठी हात मात्र पुढे करतात, आणि खाली माझा हात असतो.