मॅडमच्या आवाजातलं 'गेट'

कॉफी करपल्याचा वास आला की मला ग्लासगोतला आमचा फ्लॅट आठवतो. लव्हस्टोरी नाहीये हां, इटालियन फ्लॅटमेट चांगला दाढीवाला होता! एका रात्रीची गोष्ट, दुसऱ्या दिवशी त्याची इंग्लिशची तोंडी परीक्षा, त्यावर त्याची कॅफेतली नोकरी ठरणार, आणि 'गेट' या इंग्लिश क्रियापदाचे ढीगभर अर्थ काही डोक्यात शिरेनात. गॅसवर कॉफी करपली तरी हा घोकतोच आहे! मग मी आमच्या इंग्लिश क्लासच्या मॅडमची नक्कल करत शिकवलं. 'गेट कोल्ड' म्हणत कुडकुडलो, 'गेट द बस' म्हणत किचनभर धावलो. पठ्ठ्यानं सगळं उचललं! परीक्षेत एकही अर्थ चुकला नाही, पण बोलला सगळं मॅडमच्याच आवाजात, तेही परीक्षा घेणाऱ्या मॅडमसमोरच! आणि पास झाला! मॅडमनी मला कॉरिडॉरमध्येच गाठलं, "हे उद्योग तुझेच ना? तो पास झाला म्हणून वाचलास! आणि माझी नक्कल आता त्याच्याकडून शीक, तुझ्यापेक्षा त्याला बरी जमते!"