फोरमनचा भोंगा

या सदरातले अनुभव मी गेली चार वर्षं वाचतोय, आणि खरं सांगायचं तर हसायलाच वाचतोय. कुणाला पिंपळाखाली बाई दिसते, कुणाच्या घरात भांडी आपोआप पडतात... मी बायकोला वाचून दाखवतो आणि वर म्हणतो, "यांच्या मांडणीचे खिळे तपासा आधी." चौतीस वर्षं कारखान्यात इन्स्पेक्शनला काढलेला माणूस आहे मी. माप घेतल्याशिवाय कुणाचा शब्द मानला नाही, साहेबाचासुद्धा नाही. तेव्हा आज मीच लिहायला बसलोय म्हटल्यावर बायको चष्म्यावरून बघून हसतेय. हसू दे.

आम्ही भोपाळला, पिपलानीजवळ राहतो. रिटायर झाल्यावर क्वार्टर सोडलं, पण कारखान्याच्या भिंतीपासून दीड किलोमीटरच्या पुढे जायचा धीर झाला नाही. इथल्या माणसाचं सगळं आयुष्य भोंग्यावर चालतं. सकाळी साडेसहाला एक, दुपारी अडीचला शिफ्ट सुटण्याचा एक, रात्री साडेदहाला एक. भोंगा झाला की चहा, भोंगा झाला की जेवण. घड्याळ भिंतीवर असतं ते लग्नात मिळालं म्हणून.

आमच्या घरी एक बोका आहे. चार वर्षांपूर्वी कारखान्याच्या गेटबाहेर, स्कूटर स्टँडजवळ, कंबरेवरून गाडी गेलेला सापडला. जगला, पण मागचे दोन्ही पाय गेले. पुढच्या दोन पायांवर सगळं घर सरपटत फिरतो, आणि दारात आडवा पडून येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या कामावर नजर ठेवतो, म्हणून त्याचं नाव फोरमन. कंबरेखाली संवेदना नसल्यामुळे त्याला स्वतःहून लघवी होत नाही. दिवसातून तीनदा पोट हलकेच दाबून काढावी लागते. प्राण्यांच्या डॉक्टर सक्सेना मॅडमनी शिकवलं तेव्हा बायको, सुलभा, म्हणाली, "वेळा कशा लक्षात राहणार?" मी म्हटलं, भोंगा आहे की! सकाळची आणि दुपारची माझ्याकडे, रात्रीची सुलभाकडे. पहिल्या तीन वर्षांत एकदाही चुकलो नाही.

आता गेल्या वर्षीच्या विश्वकर्मा पूजेचा दिवस. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो, त्या दिवशी इथे यंत्रांना सुट्टी असते. लेथपासून पान्यापर्यंत सगळ्यांना हळदकुंकू, झेंडूचा हार, आणि दिवसभर चालवायचं नाही. कारखाना घरच्या माणसांनाही आतून बघायला मिळतो. सुलभा नागपूरची, तिने लग्नानंतर ही रीत उचलली आणि माझ्यापेक्षा कडक पाळते. आदल्या रात्रीच तिने पाटावर मिक्सर, स्क्रू ड्रायव्हर, मापं घ्यायचा माझा जुना व्हर्नियर मांडला... आणि माझं कानातलं मशीनसुद्धा! प्रेस शॉपच्या धडधडीने माझे कान कामातून गेलेत, मशीनशिवाय समोरचा ओरडला तरच कळतं. म्हटलं, "अगं, ते तरी दे." तर म्हणाली, "वर्षभर तुमची बडबड ऐकतं बिचारं, एक दिवस विश्रांती घेऊ दे."

सकाळी आरामात उठलो. पोहे खाल्ले. सुलभा अकराला शेजारच्या तिवारी वहिनींबरोबर कारखान्यात पूजा बघायला गेली. मी गेलो नाही. ज्या मशीनवर उमेदीची वर्षं घालवली ते भंगारात गेलं, आता तिथे दुसऱ्याच्या मशीनचे हार काय बघायचे? मी असा रुसून बसलो होतो, आणि माझ्या डोक्यात हे आलंच नाही की आज सकाळचा भोंगा झालेला नाही. एरवी रविवारीही वाजतो तो, पण पूजेला सगळंच बंद, भोंगा कुठून होणार? आधीच्या पूजांना सुलभाने आठवण केली होती. आणि झाला असता तरी मशीन पाटावर. माझ्या लेखी भोंगा नाही म्हणजे वेळ नाही. सुलभा समजली मी सकाळी नेहमीसारखं केलं असेल. फोरमनचं पोट आदल्या रात्रीपासून कुणी दाबलंच नव्हतं. आणि त्या रात्रीही पूजेच्या घाईत तिने केलं तेव्हा चारच थेंब आले होते, हे मला नंतर कळलं.

दुपारी नागपूरहून कुंदाताईचा फोन आला. माझी थोरली बहीण. बाबाही याच कारखान्यात होते, त्यामुळे तीही लग्न होईपर्यंत इथल्याच क्वार्टरमध्ये वाढलेली. मी फोन स्पीकरवर टाकून आवाज पूर्ण वाढवला आणि सुलभाची गाऱ्हाणी सांगत बसलो. ताई हसत होती. हसता हसता मध्येच थांबली.

"बाळू, भोंगा झाला ना तुझा!"

"काय?"

"भोंगा रे! बहिऱ्या! माझ्या कानात घुमून राह्यला इथं. जा ना, त्या मांजराचं कर आधी. मी ठेवते."

मला काहीच ऐकू आलं नव्हतं. पण मला न ऐकू येणाऱ्या गोष्टी रोजच होत असतात, त्यात काय नवल. उठलो, हाक मारली, "फोरमन, चल रे." एरवी सरपटत येतो. आला नाही.

वॉशिंग मशीनच्या मागे सापडला. तोंड उघडं, शेजारी दोनदा उलटी झालेली, कान गार. पोटाला हात लावला. एरवी आतलं मूत्राशय लिंबाएवढं लागतं ते मोसंबीएवढं झालेलं, आणि दगडासारखं टणक. हलकेच दाबलं. एक थेंब नाही. मॅडमनी बजावून ठेवलं होतं की निघाली नाही तर जोर करू नका, आत फुटेल, सरळ घेऊन या. त्याने माझ्याकडे बघितलं फक्त. ओरडलाही नाही. तीन वर्षं माझ्या भरवशावर असलेला जीव आणि मी पोहे खात बसलो होतो! स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

भाजीच्या क्रेटमध्ये टॉवेल घालून त्याला ठेवलं आणि चौकात पळालो. तिथे सगळ्या रिक्षा धुऊन-पुसून, हार घालून ओळीने उभ्या, आणि रिक्षावाले भंडाऱ्याच्या पंगतीत. हात जोडले. "आज गाडी नहीं चलेगी बाबूजी," एवढंच उत्तर. परत फिरलो तर तिवारीजी फाटकात उभे. त्यांच्या स्कूटरलाही झेंडूचा हार, सीटवर अक्षता. पक्के कर्मठ माणूस, त्या दिवशी नखसुद्धा कापत नाहीत. त्यांनी क्रेटमध्ये डोकावून पाहिलं, हार काढून फाटकाला अडकवला आणि किक मारली.

"बैठिए. पाप लगेगा तो मुझे लगेगा."

दहा मिनिटांचा रस्ता. मी मागे, मांडीवर क्रेट, एक हात फोरमनच्या छातीवर. मधेच ठोका लागायचा नाही, मग लागायचा. मी देवधर्म करणारा नाही, पण त्या दहा मिनिटांत कुणाकुणाची नावं घेतली ते विचारू नका.

सक्सेना मॅडमनी हात लावला आणि चेहराच बदलला. लघवीची वाट चिकट गाळाने बंद झाली होती, विष रक्तात चढून हृदय मंदावलं होतं. आधी हृदयासाठी इंजेक्शन, मग भूल, मग बारीक नळी घालून अडकलेलं धुऊन काढणं. पहिल्यांदा गेली नाही. दुसऱ्यांदाही नाही. मी भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. मग तिवारीजींनी माझा खांदा धरून मला वळवलं. नळीतून कोऱ्या चहाच्या रंगाची धार लागली होती. त्या धारेएवढं सुंदर काही मी आयुष्यात पाहिलं नाही, आणि हे लिहायला मला लाज वाटत नाही. मी तिथेच स्टुलावर बसून ढसाढसा रडलो.

मॅडम माझ्या कानाशी येऊन मोठ्याने म्हणाल्या, "अंकल, सही टाइम पे ले आए. एक घंटा और होता तो मैं कुछ नहीं कर पाती."

तिवारीजींनी फोन केला तशी सुलभा प्रसादाची बुंदी हातात घेऊनच धावत आली. "सकाळी काढली होती ना?" मी मान हलवली... नाही. वाटलं आता बोलेल. तर म्हणाली, "मशीन मीच ठेवलं हो पूजेत." मग माझं चुकलं की तिचं यावर आम्ही दोघं दवाखान्यातच भांडलो, उलट्या बाजूंनी.

चार दिवस नळी होती. पाचव्या दिवशी फोरमन घरी आला आणि दारात आडवा पडून तिवारीजींची स्कूटर तपासू लागला. आता सगळं सुरळीत आहे.

पण गोष्ट इथे संपत नाही. पूजेच्याच संध्याकाळी दवाखान्यातून परतल्यावर मी सहज म्हटलं होतं, "ताईने भोंगा ऐकला म्हणून वाचला." तिवारीजी म्हणाले, "कौन सा भोंगा? आज तो छुट्टी थी, भाईसाहब."

मग माझ्यातला इन्स्पेक्टर जागा झाला. आळीतली सहा घरं विचारली. कुणी ऐकला नव्हता. माझा जुना सहकारी अजून पॉवर हाऊसला आहे, तो म्हणाला, आदल्या रात्रीचा साडेदहाचा झाल्यावरच भोंग्याचं स्विच बंद करून त्याला हार घातला होता. कुकर? गॅस बंद होता. टीव्ही? बंद. ताईला सवयीने भास झाला म्हणावं, तर फोनमधली वेळ बघितली. ताईचा कॉल संपला बाराच्या पुढे अठ्ठेचाळीस मिनिटांनी. भोंगा अडीचचा! सवयीचा भास दीड-पावणेदोन तास आधी कसा होईल? आणि अडीचची वाट बघत मी बसलो असतो तर... तो त्या दिवशी होणारच नव्हता.

शेवटी ताईलाच विचारलं, कसा वाजला सांग.

"कसा म्हणजे? आधी म्हातारा खाकरल्यासारखा घर्रर्र, अन् मग चढत गेला. नेहमीचाच तर."

ताई, तो नेहमीचा नाही गं. घर्रर्र करणारा जुना भोंगा काढून अकरा वर्षं झाली. आता नवा आहे, तो एकसुरी पोंऽऽ करतो. ताई पंधरा वर्षांत भोपाळला आलेली नाही.

हे सगळं तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मी ऐकला बाळू. आता तू काय मोजायचं ते मोज."

मोजून झालं. काही जुळत नाही, आणि मी जुळवायचा नाद सोडलाय. भोंग्यावरचा भरवसाही सोडलाय. फोनमध्ये तीन अलार्म आहेत, आणि यंदाच्या पूजेत माझं कानाचं मशीन पाटावर नव्हतं, कानात होतं. सुलभाने कानातच कुंकू लावलं.

तरी रोज दुपारी बारा अठ्ठेचाळीसला नागपूरहून फोन येतो. नमस्कार नाही, कसा आहेस नाही. ताई फक्त विचारते, "झाली का त्याची?"

मी म्हणतो, "झाली, ताई." मग ती फोन ठेवते आणि आम्ही जेवायला बसतो.