चौकोनी गोल

गोल चौकोनीही असू शकतो, असं आमचे सर पहिल्याच तासाला सांगत आणि वर्गाचं हसून होईपर्यंत शांतपणे तपकीर ओढत. बुलढाण्याच्या कॉलेजात त्यांना सगळे 'चौकोनी सर' म्हणत. प्राचार्यही म्हणत, फक्त सर समोर नसताना.

महाराष्ट्र नुकताच झाला होता. सर मूळचे वडनेर भोलजीचे. नेमलेलं गणित भराभर उरकायचं आणि आपल्या लाडक्या नॉर्मच्या अवकाशांत शिरायचं, ही त्यांची खोड. नॉर्म म्हणजे अंतर मोजायची रीत, आणि मध्यापासून ठरावीक अंतराच्या आत जे जे येईल तो गोल. "रीत बदलली का गोलाचा चेहरा बदलते बे," ते म्हणत. वर्गातल्या आम्हा दोघी मुलींनाही ते मुलांसारखं 'बे'च म्हणत आणि आम्हाला त्याचा भारी अभिमान होता.

दिवाळीला साखरखेर्ड्याला गेले तेव्हा हे ज्ञान मी तोऱ्यात घरी पाजळलं आणि तिथंच माती खाल्ली. बाबांच्या मनात आधीच एक स्थळ घोळत होतं. त्यांना आयतं निमित्त सापडलं. गोलाला चौकोनी म्हणणाऱ्या मास्तरच्या हाताखाली पोरगी ठेवायची नाही, म्हणून ते कॉलेजातून माझं नाव काढून घ्यायला एसटीनं माझ्यासोबत बुलढाण्याला आले.

सरांनी त्यांना खुर्ची दिली, पीकपाणी विचारलं. मग म्हणाले, जवारी उभी असताना विहिरीवरून तिरपं पडणाऱ्या वावरात कसे जाता? बाबा म्हणाले, धुऱ्याधुऱ्यानं. उभं पीक कोण तुडवते? सरांनी फळ्यावर आडवेउभे धुरे, म्हणजे शेताचे बांध, आखले, मधोमध विहीर काढली आणि तिथून धुऱ्यांवरून सारखंच अंतर चालून जिथं जिथं पोचता येईल तिथं बाबांनाच खुणा करायला लावल्या. खुणा जोडल्यावर कोपऱ्यावर उभा राहिलेला चौकोन निघाला.

बाबांनी हातावरचा खडू धोतराला पुसला. "हाव. बरोबर हाये."

"मंग पोरीले काऊन नेऊन राह्यले?"

बाबा खाली बघत म्हणाले, "लय दूर वाटते जी."

"कोन्त्या मापानं, भाऊ?"

दुपारच्या एसटीनं बाबा एकटेच परत गेले.

सर वारले तेव्हा मी नागपूरला गणित शिकवत होते. बातमी सांगायला बाबा म्हातारपणी स्वतः आले, दोन गाड्या बदलून. मला धीर द्यायला आलेला तो माणूस दारातच माझ्याआधी रडला.