दुसरी बाही

कोळशाच्या इस्त्रीचा वास आला की चिंचवडची ती खोली आठवते. ती आमच्या शेजाऱ्याची; त्याला कंपनीने कामावरून काढलं होतं. तो कामगार न्यायालयात हरला, मग मुंबईच्या उच्च न्यायालयातही, तरी म्हणायचा, "वर अजून एक मजला हाय, राव." निकालाच्या दिवशी त्याची बायको कंपनीचा खाकी शर्ट इस्त्री करायची, जिंकला तर उद्याच कामावर जायला. दिल्लीच्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आमच्या वर्तमानपत्राच्या कचेरीत आधी कळला, म्हणून मीच सांगायला गेलो. "अपील फेटाळलं." "आता वर कोण हाय?" त्याने विचारलं. "कोणी नाही." तो भिंतीला टेकून बसला. बायकोने शर्टाची राहिलेली बाहीही नीट इस्त्री केली. अजूनही 'अंतिम निकाल' लिहिताना ती बाही दिसते.