पुढचे दोन दात

दवाखान्याच्या पायरीशी चप्पल काढली की उस्ताद आधी वरच्या पुढच्या दोन दातांवर अंगठा ठेवून दाबून बघत. मग मान हलवून मला सांगत, "कंपोंडर, दोघं भाऊ हायेत अजून."

नमस्कार नाही, विचारपूस नाही. पहिल्यांदा मी विचारलं होतं, "कोण भाऊ? परगावी गेले होते काय?" तेव्हा त्यांनी ओठ वर उचलून मला ते दोघे दाखवले. लांबट, पानानं लालसर झालेले, हिरडीतून जरा पुढे आलेले. त्यात बघण्यासारखं काय आहे ते मला काही कळलं नाही.

तुम्हीही लग्नाच्या वरातीत बँडवाला पाहिला असेल. त्याचा लाल डगला पाहिला असेल, फुगलेले गाल पाहिले असतील. त्याच्या दातांकडे मात्र कुणी बघत नाही. उस्ताद आमच्या वाशीमजवळच्या मालेगावच्या बँडमध्ये क्लारनेट वाजवायचे. त्यांनी मला एकदा औषधाच्या टेबलापाशीच ते तोंडाला लावून दाखवलं. खालचा ओठ दुमडून तोटीच्या पातळ वेताच्या पत्तीखाली घ्यायचा आणि वरचे दोन दात त्या काळ्या तोटीवर टेकवायचे. "खालचे गेले तं ओठावर धकून जाते," ते म्हणाले. "वरचे गेले का सूर हालला. मंग मी झांजा वाजवू काय?"

हे बहात्तरच्या दुष्काळानंतरच्या वर्षांतलं. मी एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होतो. उस्तादांचं वय पन्नाशीचं. तहान फार लागते, हिरड्या सुजतात, सकाळी उशीला रक्त लागलेलं असतं, अशा तक्रारी घेऊन ते आले. डॉक्टरांनी लघवी तपासायला सांगितली. तेव्हा ती तपासणी म्हणजे नळीत निळं औषध घ्यायचं, त्यात लघवीचे आठ थेंब टाकायचे आणि स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचं. रंग निळाच राहिला तर साखर नाही. हिरवा झाला तर थोडी, पिवळा झाला तर जास्त. उस्तादांची नळी थेट विटकरी झाली.

ते नळीकडे बघत राहिले आणि म्हणाले, "हा तं आमच्या बँडचा डगला निघाला!"

हसले ते तेवढंच. आठवड्यातून एकदा अकोल्याहून वाशीमला दातांचे डॉक्टर यायचे. त्यांनी उस्तादांचं तोंड बघून सांगितलं, की साखरेनं हिरड्या सडवल्या आहेत आणि वरची ओळ काढावी लागेल. उस्तादांनी त्यांच्यासमोर हात जोडले नाहीत की रडून दाखवलं नाही. फक्त विचारलं, "दोन ठेवाले काय करावं लागते ते सांगा."

दातांच्या डॉक्टरांनी तीन महिन्यांची मुदत दिली. तेवढ्यात साखर आटोक्यात आली तर हिरड्या खरवडून साफ करून बघू. तशीच राहिली तर जखम भरायची नाही, मग दात काढणंच बरं. दर सोमवारी नळीचा रंग कागदावर लिहायचा आणि मुदत संपली की तो कागद त्यांना दाखवायचा. कागद मी भरायचा, सही आमच्या डॉक्टरांची.

त्या दिवसापासून उस्तादांनी पान सोडलं. गोळ्या वेळेवर. सकाळ-संध्याकाळ मिसवाकच्या काडीनं दात घासणं, मग मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, मग बोटानं हिरड्या चोळणं. मी बघितलंय, बसची वाट बघत उभे असतानाही बोट तोंडात असायचं. लोक हसायचे. त्यांना त्याचं काही नव्हतं.

खरी पंचाईत लग्नांत व्हायची. आपल्याकडे बँडवाल्याला पंगतीत बसवून, आग्रह करून गोड वाढतात. उस्ताद क्लारनेटच्या पेटीत फडक्यात ज्वारीची भाकर आणि ठेचा घेऊन जायचे. मेडशीच्या एका लग्नात मी वऱ्हाडी म्हणून होतो. नवरीचा बाप बुंदीचं ताट घेऊन समोर उभा राहिला.

"काहून उस्ताद? आमचं गोड चालत नाई काय तुमाले?"

"तुमी मान द्या भाऊ, बुंदी नका देऊ," उस्ताद म्हणाले आणि भाकर मोडली.

नवरीचा बाप फुरंगटून गेला. मग उस्तादांनी वरातीत असं वाजवलं, की तोच पटका सावरत नाचला.

नळीचा रंग हळूहळू उतरला. विटकरीचा पिवळा झाला, पिवळ्याचा हिरवा, आणि दोन सोमवार निळा. शेवटचा सोमवार उरला. दुसऱ्या दिवशी वाशीमला कागद दाखवायचा होता.

आता माझी गोष्ट सांगतो. मी चिडका माणूस. तेव्हा पेशंट घरूनच बाटली आणायचे आणि आम्ही तिच्यात औषध भरून द्यायचो. उस्ताद त्याच बाटलीतून लघवी आणतात हे कळल्यावर मी आदल्या आठवड्यात खेकसलो होतो, "औषधाच्या बाटलीत आणायचं नाही. दुसरी बघा." म्हणून त्यांनी दुसरी आणली. मी आठ थेंब टाकले, उकळलं, आणि नळी विटकरी झाली.

बाकावर दहा-बारा पेशंट बसले होते. त्या सगळ्यांसमोर मी म्हणालो, "उस्ताद, काल लग्न होतं ना? खाल्ली ना बुंदी? तीन महिने मला बनवता होय?"

त्यांचा अंगठा दातांवर गेला, तिथंच थांबला. मग ते सावकाश म्हणाले, "मी खाल्लं नाई. तुमच्या दवाखान्यातच पुन्हा लघवी देतो. नळी तुमची, पानी तुमचं."

बाकावर बसले. माठातलं पाणी पिऊन घेतलं. पेशंट आले, गेले. मी दोनदा म्हणालो, "उद्या बघू." ते म्हणाले, "उद्या दात जातीन." दुपारी दवाखाना बंद व्हायची वेळ झाली तरी ते हलले नाहीत. शेवटी मीच धुऊन दिलेल्या भांड्यात त्यांनी लघवी आणून दिली. मी दिवा पेटवला. नळी उकळली, खळखळली, आणि निळीच राहिली. मी पुन्हा करून बघितलं. पुन्हा निळी.

मग मी ती घरची बाटली उचलली. बूच बोटाला चिकटलं. वास घेतला. चाखून बघण्याइतका मी शूर नव्हतो, पण गरज पडली नाही. मेडशीच्या बाजारातून आणलेल्या मधाची बाटली होती ती. उस्तादांच्या बायकोनं थंड पाण्यानं खंगाळून दिली होती. ती साखर मधाची होती, आणि दुसरी बाटली बघा म्हणून खेकसणारा मी होतो.

मला फार लाज वाटली. मी म्हणालो, "उस्ताद, माझं चुकलं. सगळ्यांसमोर बोललो, माफ करा."

"माफी राहू द्या," ते म्हणाले. "निळं लिहा."

मी लिहिलं. वाशीमच्या डॉक्टरांनी हिरड्या साफ केल्या, आणि दोन दात राहिले. पुढच्या चार-पाच वर्षांत बाजूचे एकेक करून गेले. हसले की तोंडात तेवढे दोघेच दिसायचे. जयंतीच्या मिरवणुकीत आमच्या वस्तीतून बँड निघाला की माझ्या दारासमोर ते सूर जरा लांबवायचे, आणि मी उगाच डोळे पुसत आत जायचो. त्या माणसावर माझा फार जीव होता. हे मी त्यांना कधी सांगितलं नाही, याचं वाईट वाटतं.

एका उन्हाळ्यात छातीत दुखायला लागलं आणि दोन दिवसांत ते गेले. मय्यतीला त्यांचे धाकटे बंधू मला एवढंच म्हणाले, "दोघाइले सोबत घेऊन गेला."

महिनाभरानं तेच बंधू दवाखान्यात आले आणि रुमालातून क्लारनेटची काळी तोटी काढून माझ्यापुढे ठेवली. "नव्या वाजवणाऱ्याले हे बसत नाई. त्याचे दात सरकून राह्यले. तुमी ठेवा." तोटीवर शेजारी शेजारी दोन खोलगट खड्डे पडले होते.

मलाही आता साखर आहे. दुसऱ्यांना शहाणपण शिकवलं, स्वतः पान सोडलं नाही, म्हणून तोंडात कवळी आहे. रोज सकाळी ती लावायच्या आधी मी कपाटातून तोटी काढतो, त्या खड्ड्यांवर अंगठा ठेवून दाबून बघतो. दोघे आहेत अजून.