जीपचा घुमारा

वेल्डिंगचा जळका वास आला की मला थोरल्या भावाची जीप आठवते. वडिलांना न विचारता त्यांची मेंढरं विकून त्यानं ती जुनी जीप घेतली आणि हौसेनं मूळचा सायलेन्सर काढून जाड नळी बसवली. जरा वेग घेतला की आत असा घुमारा उठायचा की दात हुळहुळायचे. मेंढरं गेल्यापासून वडील त्याच्याशी बोलत नव्हते, पण भावाची पक्की समजूत, की गाडीत ते त्या आवाजामुळंच गप्प बसतात. "ह्यो आवाज मोडला की आबा बोलत्याल बघ," तो मला म्हणायचा. शिरूरच्या उन्हात जीपखाली उताणं पडून त्यानं जुन्या हातपंपाचा पाइप कापला, एक तोंड बंद केलं, दुसरं नळीच्या कडेला जोडलं; लांबी बरोबर जमली की घुमारा त्या बंद पाइपातच जिरतो, म्हणायचा. घुमारा जाईना म्हणून परत कापला, परत जोडला. लांबी एकदाची जमली तेव्हा आम्ही तिघं नारायणगडाला निघालो. घुमारा खरंच गेला होता. सीटखाली घरंगळणारी पाण्याची बाटलीही ऐकू येत होती. भाऊ हसत म्हणाला, "आबा, आता आवाज न्हाई. बोला की कायतरी." वडील बाहेरच्या मोकळ्या माळाकडं बघत राहिले. मग म्हणाले, "आवाज हुता तवा बरं हुतं. न बोलायला कारण तरी हुतं." गडापर्यंत मग सीटखालची बाटलीच घरंगळत राहिली. वडील आता नाहीत. भाऊ माझ्या गाडीत बसला की मी काच खाली करतो. वारा तेवढा आवाज करत राहतो.