आधी गाडी, मग साहेब

आमच्या वीज खात्याच्या जीपगाड्यांत वायरलेस सेट बसले, तेव्हा झाशीत फोन असलेली घरं बोटांवर मोजण्याइतकी होती. चिरगावला तार तुटली की निरोप बसच्या कंडक्टरच्या तोंडी यायचा. समथरचा निरोप तर शिळा होऊनच यायचा. मग एका हिवाळ्यात डॅशबोर्डखाली लोखंडी पेटी, टपावर एरियलची काठी आणि वेटोळ्या वायरला टांगलेला मुठीएवढा माइक असं सगळं आलं. बटण दाबलं की बोलायचं, सोडलं की ऐकायचं. एका वेळी एकानंच बोलायचं, आणि तो जे बोलेल ते सगळ्या गाड्यांना ऐकू जायचं.

त्याच हिवाळ्यात मी कंट्रोल रूममध्ये ऑपरेटर म्हणून लागले. बी.एस्सी., विषय फिजिक्स. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि हे मी अजूनही कुणी न विचारता सांगते. आजोबा लक्ष्मी ताल नावाच्या तळ्याकडच्या एका छोट्या देवळात पूजेला होते. माझे वडील, म्हणजे नाना, आठवीनंतर थेट स्टिअरिंगवर बसले. हिंदीत नाना म्हणजे आईचे वडील, त्यामुळे लहानपणी शेजारणी मला विचारायच्या, तुझे नाना इथे राहतात ते ठीक, पण पापा कुठे असतात? घरात मराठी, दाराबाहेर हिंदी, आणि नानांच्या गाडीत बुंदेली. आमच्याकडे अजून फडताळाला फडताळच म्हणत, पण त्यातून काढायचा असे तो चम्मच.

नाना खात्याची ब्रेकडाउन जीप चालवायचे. कुठे बिघाड झाला की लाइनमन, शिडी आणि दोर घेऊन धावणारी गाडी ती. इतक्या वर्षांत त्यांच्या गाडीला ओरखडा नव्हता, आणि हेही ते कुणी न विचारता सांगत. गुण कुणाकडून आला ते उघड आहे.

सेटबरोबर एक इंग्रजी पुस्तिका आली होती. आमच्या तरुण असिस्टंट इंजिनिअरांनी ती माझ्या हातात दिली आणि म्हणाले, तुम्ही सायन्सच्या, ड्रायव्हरांना तुम्हीच शिकवा. मी शेडमध्ये सगळ्यांना जमवलं. एक चाचा म्हणाले, बिटिया, रेडिओ तर आमच्या सासुरवाडीतही आहे, त्यात शिकायचं काय? दुसऱ्या दिवशी त्याच चाचांनी ओला गमछा एरियलवर वाळत घातला.

मग मी पुस्तिका मिटली आणि साध्या भाषेत सांगायला लागले. बटण दाबलेलं असताना टपावरच्या त्या काठीला हात लावला तर चामडी भाजेल. म्हणून बोलण्याआधी बघा, कुणी लाइनमन शिडी उतरवायला वर चढलेला नाही ना. पेट्रोल भरताना बोलायचं नाही. माइकची वायर गिअरच्या दांड्यात अडकू द्यायची नाही. आणि दगडाच्या खाणीपाशी लाल झेंडी दिसली की सेट बंदच करायचा, कारण सुरुंगाच्या तारा आपल्या लहरी पकडू शकतात आणि बार अवेळी उडू शकतो. हे त्यांना ताबडतोब पटलं. झाशीत ज्याचा कुणी ना कुणी नातेवाईक खाणीवर नाही असा माणूस सापडणं कठीण.

पटलं नाही ते एकच. गाडी चालू असताना माइकला हात लावायचा नाही. आधी कडेला घ्या, हँडब्रेक ओढा, मग उत्तर द्या. तोवर कंट्रोलनं कितीही हाका मारल्या तरी गप्प बसा.

गप्प बसा, हे मी किती सहज सांगून गेले. आमच्याकडे मोठ्या माणसानं हाक मारली की दुसरी हाक मारायची वेळ येऊ देत नाहीत. तोंडात घास असला तरी "जी" आधी, गिळणं नंतर. आणि हाक मारणारे कोण, तर एक्झिक्युटिव्ह इंजिनिअर साहेब. दिवसातून दोनचारदा ते कंट्रोल रूममध्ये येत, माझ्या हातून माइक घेत आणि स्वतःच गाड्यांना पुकारत. उत्तर यायला क्षण लागला की पुन्हा पुकारत, अजून चढ्या आवाजात. माणूस दुष्ट नव्हता. पूर्वीच्या ठिकाणी एक लाइनमन खांबावर भाजला होता आणि साहेबांना ते फार उशिरा कळलं होतं. तेव्हापासून त्यांना शांतता सोसत नसे. पण हे ड्रायव्हरांना काय माहीत? साहेबांचा आवाज आला की त्यांचा हात आपोआप माइककडे जाई, मग समोर वळण असो की बैल.

व्हायचं ते झालं. आमचा एक ड्रायव्हर माइक हातात धरून "जी हुजूर" म्हणत असताना गाडी पुलाच्या कठड्यावर घेऊन गेला. माणसं खरचटण्यावर वाचली, जीपचं नाक बसलं. साहेब भडकले आणि हुकूम निघाला: प्रत्येक ड्रायव्हरची परीक्षा. असिस्टंट इंजिनिअर शेजारी बसतील, साहेब स्वतः कंट्रोलमधून पुकारतील, आणि जो चालत्या गाडीत माइक उचलेल तो गाडीवरून खाली उतरेल. मग उरलेली नोकरी स्टोअरच्या फाटकावर स्टूल टाकून.

नानांच्या रिटायरमेंटला अजून काही वर्षं होती. त्यांना फाटकावर बसलेलं मी डोळ्यांपुढे आणून पाहिलं आणि ते चित्र मला पुसून टाकावंसं वाटलं. तो माणूस घरातल्या आरामखुर्चीतही डावा पाय क्लचवर ठेवल्यासारखा बसायचा.

त्याच आठवड्यात सेटचा आवाज किती लांबून येतो ते तपासायला मी त्यांच्या जीपमध्ये चिरगावच्या रस्त्यानं गेले. कंट्रोलवर माझ्या जागी साहेब होते. गाडी वेगात होती, आणि पेटीतून आवाज आला: ब्रेकडाउन, ब्रेकडाउन. नानांचा डावा हात गिअरवरून उठला आणि माइककडे गेला. समोरून बस येत होती. मी त्यांचं मनगट धरलं. बस निघून गेल्यावर ते माझ्याकडे बघत म्हणाले, "अगं, मी उचलला कुठे? हातच गेला."

ते खरं बोलत होते. हातच जात होता. आणि हाताला शिकवायचं तर फिजिक्सचा काय उपयोग?

मग घरी सराव सुरू झाला. आरामखुर्ची म्हणजे जीप, पितळी ताट म्हणजे स्टिअरिंग, डाव्या बाजूला खुंटीला दोरीनं टांगलेलं लाटणं म्हणजे माइक. साहेब कोण होणार? मी हाक मारली तर नाना हलतसुद्धा नसत, मुलीच्या हाकेचा त्यांना धाक नव्हता. शेवटी आई चुलीपुढून उठली. तिचं हिंदी आमच्यात सगळ्यात कच्चं, पण आवाज साहेबांच्या तोडीचा. चिमटा तोंडाशी धरून ती ओरडली, "ब्रेकडाउन, किधर है तुम, जवाब देव." नाना निवांत ताट फिरवत राहिले, खुर्ची "कडेला" घेतली, काल्पनिक हँडब्रेक ओढला आणि मग सावकाश लाटणं उचललं. मी म्हटलं, नाना, पास.

"पास कसले," आई म्हणाली. "मी हाक मारली की हे असेच. लग्न झाल्यापासून कडेलाच घेतायत गाडी."

नाना हसले नाहीत. रात्रीच्या जेवणानंतर पान लावता लावता माझ्याशी हळू आवाजात बोलले. आईसमोर गप्प राहणं निराळं, म्हणाले. साहेबांच्या हाकेला गप्प राहायचं म्हणजे सगळ्या गाड्यांना ऐकू जाणार, की हा बघा, साहेब बोलावतायत आणि हा बोलत नाही. लोक म्हणतील, मुलगी बी.एस्सी. झाली म्हणून बापाला मस्ती आली.

मी तोंडाची फटकळ आहे. म्हणाले, "म्हणू देत. मस्ती आलेला बाप मला चालेल, पुलाच्या कठड्यावरचा नाही."

त्यांनी पान तोंडात टाकलं.

दुसऱ्या दिवशी मी सरळ साहेबांच्या खोलीत गेले. इतर क्लार्कांनी मला जाताना पाहिलं आणि एकमेकांना खुणा केल्या. मी साहेबांना सांगितलं, की परीक्षा ड्रायव्हरांची आहे, पण हात उठतो तो तुमच्या दुसऱ्या हाकेनं. तुम्ही एकदा पुकारून थांबलात तर ते गाडी कडेला घेतील. पुस्तिकेतही तसंच लिहिलंय, पान काढून दाखवू का?

साहेबांनी चष्मा काढला. "बेटी, पुकारूँ नहीं, तो जानूँ कैसे कि ज़िंदा हैं?"

याचं उत्तर पुस्तिकेतही नव्हतं. "देखेंगे," ते म्हणाले, आणि मी बाहेर आले.

परीक्षेच्या दिवशी आधी दोघे ड्रायव्हर गेले. एक पास झाला, दुसऱ्याचा हात माइककडे गेला. तो परतला तेव्हा शेडमध्ये कुणाशी न बोलता गाडीची काच पुसत बसला, जणू ती गाडी अजून त्याचीच होती. मग नाना निघाले. मी कंट्रोलच्या टेबलाशी, साहेब माझ्या बाजूला उभे, माइक त्यांच्या हातात. सगळ्या गाड्यांचे सेट चालू. नाना निघताना माझ्याकडे न बघता गेले, तेव्हाच मला कळलं की ते घाबरलेत.

साहेबांनी पुकारलं. ब्रेकडाउन, कंट्रोल.

पेटीत नुसती खरखर.

साहेबांनी पुन्हा पुकारलं, चढ्या आवाजात. खरखर. मी टेबलाची कड धरून बसले होते. मनात म्हणत होते, नाना, ताट फिरवत राहा. साहेबांच्या कपाळाची शीर उभी राहिली. त्यांनी तिसऱ्यांदा बटण दाबलं आणि या वेळी गाडीचं नाव न घेता थेटच विचारलं, "अरे, कहाँ मर गए?"

पुन्हा खरखर. मग ती तुटली आणि नानांचा आवाज आला, अगदी शांत, जेवायला बसताना असतो तसा.

"मरे नहीं हुजूर, इसी से देर लगी। गाड़ी किनारे खड़ी है, हैंडब्रेक लगा है। अब हुकुम कीजिए।"

मग सेटमधून टक, टक, टक असे आवाज यायला लागले. बाकीचे ड्रायव्हर आपापल्या उभ्या गाड्यांत न बोलता नुसती बटणं दाबत होते. ती त्यांची हसण्याची रीत, कारण नुसत्या टकवरून कोण ते कळत नाही आणि कुणाला मेमो देता येत नाही.

साहेबांनी माइक खाली ठेवला. मला वाटलं, आता फुटतात. पण ते खुर्चीवर बसले. मग माइक उचलून एवढंच म्हणाले, ठीक है, ड्राइवर साहब, वापस आइए. ड्रायव्हर साहब. नानांना त्यांनी असं कधी म्हटलं नव्हतं. मला म्हणाले, पास लिहा. आणि ज्याचा हात गेला होता त्याला आठवड्याने पुन्हा बसवा, शिकायला ब्रेकडाउन जीपवरच पाठवा.

काय झालं होतं ते असिस्टंट इंजिनिअरांनी नंतर सांगितलं. पहिली हाक आली तेव्हा जीप अरुंद पुलावर होती आणि समोरून भुशाची ट्रॉली ओढणारा ट्रॅक्टर येत होता. ट्रॉलीतून भुसा दोन्ही बाजूंनी इतका बाहेर आलेला, की रस्ता दिसेना. नानांचा डावा हात उठला. अर्ध्या वाटेवर थांबला. मग नानांनी तो हात परत स्टिअरिंगवर आणला आणि दोन्ही हातांनी चाक असं घट्ट धरलं, की बोटं पांढरी पडली. तिसऱ्या हाकेला ते स्वतःशी मराठीत काहीतरी पुटपुटले. काय म्हणाले, असं इंजिनिअरसाहेबांनी मला विचारलं. मी नानांना विचारलं. नाना म्हणाले, तुझ्या आईला सांगू नकोस, पण मी म्हटलं, थांब गं, येतोय.

मी अर्थातच आईला सांगितलं. ती आठवडाभर खुशीत होती.

ज्याचा हात गेला होता तो ड्रायव्हर नानांबरोबर फिरला आणि पुढच्या वेळी पास झाला. नाना रिटायर होईपर्यंत ब्रेकडाउन जीपवरच राहिले. आणि साहेब? त्यांना शिकायला सगळ्यांत जास्त दिवस लागले. कंट्रोलमध्ये येत, एकदा पुकारत, आणि मग माइक खाली ठेवून दोन्ही हात मागे बांधून खिडकीशी जाऊन उभे राहत. खरखर चालू राही. त्यांचे खांदे ताठ होत. एकदा असेच उभे असताना ते मागे न वळता मला म्हणाले, "किनारे लगा रहा होगा।"

मी म्हटलं, "जी, लगा रहे होंगे।"

आणि आम्ही दोघं वाट बघत राहिलो.